गुडघाभर पाण्यापासून उपग्रहापर्यंत : राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची साठ वर्षे

चंद्रपूरजवळच्या मोहर्ली गावाशेजारी इरई धरणाचे पाणी पसरलेले आहे. ताडोबाच्या जंगलात पडलेल्या पावसाचा एक वाटा तिथे साठतो आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला व शहराला पुरतो. उरलेले पाणी इरईतून वर्धेला मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी काकिनाड्याच्या आसपास बंगालच्या उपसागराला मिळते. नकाशावर मोजपट्टी ठेवून पाहा. मोहर्लीहून काकिनाडा सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आत आहे, मुंबईचा समुद्र मात्र जवळजवळ सातशे किलोमीटर दूर. महाराष्ट्रात राहत असलो तरी आपला समुद्र पूर्वेचाच.

त्या समुद्रात शिरल्यावर आपल्या पाण्याचे पुढे काय होते याचा माग ज्या संस्थेने काढला, ती मात्र पश्चिम किनाऱ्यावर, गोव्यात डोना पावला इथे आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला १ जानेवारी २०२६ रोजी साठ वर्षे पूर्ण झाली. समुद्रतळाची खनिजे, प्रवाळ, मासे, किनाऱ्याची धूप, बुडालेली गावे अशा अनेक विषयांवर तिथे काम झाले आहे आणि त्या सगळ्याला एक लेख पुरणार नाही. या लेखात त्यातला एकच धागा घेतला आहे : समुद्रात शेकडो किलोमीटर रुंदीचे जे भोवरे फिरत असतात त्यांचा शोध, आणि त्या शोधात उपग्रहांनी केलेली मदत. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला हाच धागा का महत्त्वाचा वाटतो, ते पुढे येईल.

संस्थेचा जन्म एका मोठ्या मोहिमेतून झाला. १९५० च्या दशकाअखेर हिंदी महासागराची माहिती इतर महासागरांच्या मानाने फारच तोकडी होती. ती उणीव भरून काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आखली गेली. १९६५ पर्यंत अनेक देशांची मिळून चाळीसहून अधिक जहाजे या महासागरात फिरली. त्यांत भारतीय नौदलाचे ‘किस्तना’ होते. मोहिमेच्या भारतीय भागाची सूत्रे सागरी जीवशास्त्रज्ञ एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. मोहीम संपत आली तेव्हा जमलेली माणसे, उपकरणे आणि नमुने पांगू नयेत म्हणून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९६६ च्या पहिल्या दिवशी ही संस्था स्थापन केली. पणिक्करच पहिले संचालक झाले. मुख्यालय सुरुवातीला दिल्लीला होते. समुद्राचा अभ्यास दिल्लीत बसून करायचा, ही सरकारी गंमत तीनच वर्षे टिकली. १९६९ मध्ये मुख्यालय गोव्याला हलले आणि पुढे डोना पावलाच्या उंचवट्यावर आजचा परिसर उभा राहिला. कोची, मुंबई आणि विशाखापट्टणम इथे प्रादेशिक केंद्रे झाली.

मोहिमेतून निघालेले सर्वांत मोलाचे पुस्तक म्हणजे हवाई विद्यापीठातले समुद्रशास्त्रज्ञ क्लाउस विर्त्की यांनी तयार केलेला १९७१ चा नकाशासंग्रह. हिंदी महासागराचे तापमान, क्षारता, प्राणवायू आणि प्रवाह पहिल्यांदाच इतक्या तपशिलाने एकत्र आले. मात्र नकाशे सरासरीचे होते. एक जहाज आज एका जागी पाणी मोजते, चार दिवसांनी तीनशे किलोमीटर पुढे मोजते, दुसरे जहाज त्याच भागात वर्षभराने येते, आणि मग सगळे आकडे एकत्र करून रेषा ओढल्या जातात. दीडशे-दोनशे किलोमीटर रुंदीचा, दिवसाला काही किलोमीटर सरकणारा आणि दोन-चार महिन्यांत विरून जाणारा भोवरा अशा नकाशात उमटेल कसा? जहाजाच्या दोन थांब्यांच्या मधून तो निसटून जातो, आणि चुकून सापडलाच तर सरासरीत पुसला जातो. समुद्रातल्या हालचालीची बरीचशी ऊर्जा अशाच भोवऱ्यांमध्ये असते, हे जगाला १९७० च्या दशकात हळूहळू उमगत होते. ते पाहायला लागणारे डोळे मात्र नव्हते.

संस्थेला स्वतःचे जहाज १९७६ मध्ये मिळाले. ‘गवेषणी’ मूळची गाळ वाहणारी नौका, तिलाच संशोधनासाठी सजवले होते. २६ जानेवारी १९८१ रोजी तिने हिंदी महासागराच्या तळातून बहुधातूंचा पहिला गोळा वर काढला आणि संस्थेचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थेचे माजी संचालक एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्यातून निघाली. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या या गोष्टी, आणि त्यात वावगे काही नाही. पण माझ्या मते संस्थेचे सर्वांत दूरगामी काम त्या सुमारास ज्या खोल्यांमध्ये सुरू झाले, तिथे छायाचित्रकार गेले नसावेत.

त्या खोल्यांमध्ये सतीश शेट्ये आणि त्यांचे सहकारी एक अगदी जुने साधन वापरत होते. व्यापारी जहाजाचा कप्तान रोज आपल्या जागेचा हिशेब मांडतो. इतक्या वेगाने, इतक्या दिशेने गेलो तर उद्या दुपारी अमुक ठिकाणी असू. प्रत्यक्षात जहाज थोडे बाजूला गेलेले आढळते. तो फरक पाण्याच्या प्रवाहाचा. दशकानुदशकांच्या अशा नोंदींवरून शेट्ये आणि एस. एस. सी. शेणॉय यांनी १९८८ मध्ये भारतीय किनाऱ्यालगतच्या प्रवाहांचे वर्षभराचे चक्र मांडले. पूर्व किनाऱ्याचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो, हे त्यात ठळक होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो उत्तरेला वाहतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिणेला. पुढे १९९१ च्या मार्च-एप्रिलमध्ये उपसागराच्या पश्चिम कडेची जहाजावरून सलग पाहणी झाली. किनाऱ्यालगत उत्तरेला जाणारा प्रवाह सेकंदाला सुमारे एक कोटी घनमीटर पाणी वाहून नेत असल्याचे त्यात दिसले. जगातली सर्वांत मोठी नदी ॲमेझॉन सेकंदाला दोन लाख घनमीटरच्या आसपास पाणी समुद्रात टाकते. अशा पन्नास ॲमेझॉन आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याला लागून वाहत होत्या! शेट्ये आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या निबंधाने हा प्रवाह म्हणजे अख्ख्या उपसागरात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या एका विशाल हंगामी आवर्ताची पश्चिम बाजू असल्याचे मांडले. हे आवर्त जानेवारीत तयार होते, मार्च-एप्रिलमध्ये भरात येते आणि जूनपर्यंत मोडते. शेट्ये यांना १९९२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. नंतर ते संस्थेचे संचालक आणि गोवा विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

त्याच काळात एम. टी. बाबू, एस. प्रसन्नकुमार आणि डी. पी. राव यांनी उपसागरात पृष्ठभागाखाली दडलेला एक भोवरा नोंदवला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निबंध आज वाचताना मजा वाटते. जहाज योग्य वेळी योग्य जागी होते, म्हणून तो भोवरा हाती लागला. असे किती हुकले असतील?

उपग्रह आले ते इथे. समुद्राची उंची मोजणारा उपग्रह कसा काम करतो हे समजायला विहीर आठवावी. काठावरून खडा टाकायचा आणि आवाज यायला किती वेळ लागतो त्यावरून पाणी किती खाली आहे ते ओळखायचे. उपग्रह खड्याऐवजी रडारची लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत येते आणि लागलेल्या वेळावरून अंतर कळते. उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून नेमका किती उंच आहे हे स्वतंत्रपणे ठाऊक असले की समुद्राचा पृष्ठभाग कुठे आहे ते निघते. हवेतील बाष्प, लाटा, भरती-ओहोटी आणि तळाच्या डोंगरांचे गुरुत्वाकर्षण यांचा हिशेब वजा करावा लागतो. अमेरिकेच्या १९७८ च्या ‘सीसॅट’ने हे जमते हे दाखवले, पण तो साडेतीन महिन्यांतच बंद पडला. १९८५ चा ‘जिओसॅट’ अमेरिकी नौदलाचा होता. खरी क्रांती झाली ती ऑगस्ट १९९२ मध्ये सोडलेल्या अमेरिका-फ्रान्सच्या ‘टोपेक्स-पोसायडन’ने. तेराशे छत्तीस किलोमीटर उंचीवरून समुद्राची पातळी काही सेंटिमीटरच्या अचूकतेने आणि दर दहा दिवसांनी पुन्हा त्याच रेषेवर मोजली जाऊ लागली.

काही सेंटिमीटरचा भोवऱ्याशी काय संबंध? पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहत्या पाण्याचा कल उजवीकडे असतो. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पाण्याची उजवी बाजू म्हणजे भोवऱ्याचा मध्य, तेव्हा मध्यभागी पाण्याचा फुगवटा येतो. उलट दिशेने फिरणाऱ्या भोवऱ्याच्या मध्यभागी खळगा पडतो. शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीत वीस-तीस सेंटिमीटरचा हा चढ-उतार जहाजावरच्या माणसाला कळणे शक्य नाही. उपग्रहाला तो दिसतो, आणि चढ किती तीव्र आहे त्यावरून प्रवाहाचा वेगही काढता येतो. १६ वर्षांच्या अशा नोंदी चाळून अमेरिकेच्या डडली चेल्टन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जगभरातले, किमान १६ आठवडे टिकलेले सुमारे ३६ हजार भोवरे मोजले. जहाजांच्या जमान्यात ही संख्या कोणी मनातही आणली नसती.

डोना पावलाच्या मंडळींनी या साधनाचा जो उपयोग केला त्यातला मला सर्वांत आवडतो तो लक्षद्वीपचा. ‘जिओसॅट’च्या नोंदींवरून जे. जी. ब्रूस आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले की हिवाळ्यात लक्षद्वीपच्या समुद्रात एक मोठा फुगवटा तयार होतो आणि पश्चिमेकडे सरकत जातो. पावसाळ्यात त्याच भागात खळगा असतो. उपग्रहाने दाखवले ते इतकेच. त्या जागी तसा जोरदार वारा नाही, मग हे भोवरे उठतात कशाने? डी. शंकर आणि शेट्ये यांनी १९९७ मध्ये गणिती प्रतिमान मांडून उत्तर दिले. कारण लक्षद्वीपला नाही, ते बंगालच्या उपसागरात आहे. तिथल्या वाऱ्याने उठलेली लाट, म्हणजे किनाऱ्याला चिकटून शेकडो किलोमीटर जाणारा पाण्याच्या पातळीचा मंद चढ-उतार, श्रीलंकेला वळसा घालून केरळच्या किनाऱ्याला लागते आणि तिथून तिचा काही भाग सुटून पश्चिमेकडे निघतो. तोच लक्षद्वीपचा फुगवटा. हिवाळ्यात उपसागराचे कमी खारट पाणीही याच वाटेने लक्षद्वीपच्या समुद्रात पोचते आणि वर तरंगत राहते. एप्रिल-मेमध्ये तिथला समुद्र आजूबाजूपेक्षा जास्त तापतो, त्यामागे या पाण्याचा हात असल्याचे शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी १९९९ मध्ये मांडले. मान्सून केरळात येण्याच्या आधीची ही तयारी असते.

पूर्वेच्या समुद्रासाठी संस्थेतल्याच वाय. के. सोमयाजुलु, व्ही. एस. एन. मूर्ती आणि वाय. व्ही. बी. शर्मा यांनी ‘टोपेक्स-पोसायडन’च्या नोंदी घेऊन उपसागराचे पृष्ठप्रवाह ऋतूप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे कसे बदलतात ते २००३ मध्ये मांडले. पण किनाऱ्याजवळ उपग्रह आंधळा होतो. रडारच्या लहरीत जमीन मिसळली की आकडा बिघडतो, म्हणून किनाऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यातल्या नोंदी टाकून द्याव्या लागत. पूर्व किनाऱ्याचा प्रवाह नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत जोरकस असतो. फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांबरोबर शंकर आणि शेणॉय यांनी या बिघडलेल्या आकड्यांवर नव्याने काम केले आणि २००९ मध्ये त्यांचा निबंध आला. त्यातून दिसणारा किनारी प्रवाह एकसंध नदीसारखा नाही. जागोजागी त्यात भोवरे उठतात आणि एका भागात तो उत्तरेला जात असताना दुसरीकडे दक्षिणेला जात असतो. २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून भारत-फ्रान्सचा ‘सरल’ उपग्रह सुटला. त्याची रडारलहर आखूड असल्यामुळे किनाऱ्याच्या अधिक जवळ मोजणे जमू लागले.

उपग्रहाला वरचे दिसते, खालचे नाही. म्हणून संस्थेने खंडाच्या उतारावर, हजारेक मीटर खोलीच्या ठिकाणी, तारेला बांधलेली यंत्रे सोडली. ती ध्वनीच्या लहरींनी वरच्या पाण्याचा वेग थराथराने मोजतात. पश्चिमेला मुंबई, गोवा, कोल्लम, कन्याकुमारी, पूर्वेला कडलूर, काकिनाडा, विशाखापट्टणम, गोपाळपूर अशी ही साखळी आहे. या यंत्रांनी दाखवले की पृष्ठभागाचे पाणी एका दिशेने जात असताना त्याच्या खालचे पाणी पुष्कळदा उलट जाते. उपग्रहाला याची चाहूलही लागत नाही. ही यंत्रे वर्षाकाठी जहाज नेऊन उचलावी लागतात, साफ करून, बॅटऱ्या बदलून पुन्हा सोडावी लागतात. असे कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे करत राहणे, हे मला एखाद्या गाजलेल्या शोधाइतकेच मोठे वाटते.

भोवऱ्यांचा जीवसृष्टीशी संबंध लावण्याचे श्रेय प्रसन्नकुमार यांच्या गटाकडे जाते. बंगालच्या उपसागरात पृष्ठभागावर गोड्या पाण्याचा थर असल्यामुळे खालची पोषक द्रव्ये वर येत नाहीत, म्हणून तो अरबी समुद्रापेक्षा नापीक समजला जाई. तरीही खोल पाण्यात खाली पडणारा सेंद्रिय कर्ब जवळपास अरबी समुद्राइतकाच भरत होता. हे अन्न येत कुठून होते? २००४ च्या निबंधात या गटाने थंड पोटाच्या भोवऱ्यांकडे बोट दाखवले. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारे हे भोवरे खालचे थंड, पोषक पाणी वर खेचतात आणि गोड्या थराखालीच सूक्ष्म वनस्पतींची पिके उभी राहतात. उपग्रहावरून रंग पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ती नीट दिसत नाहीत, जहाजावरून बाटली खाली सोडली तेव्हाच ती सापडली.

आणि आता गुडघाभर पाणी. मे २००५ पासून संस्थेने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना एक काम सांगितले. देशाच्या किनाऱ्यावर आठ ठिकाणी, दर पाच दिवसांनी, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून समुद्राचे पाणी बाटलीत भरून ठेवायचे. इतकेच. प्रयोगशाळेत त्याची क्षारता मोजली जाई. किनाऱ्याचे असे पाणी खोल समुद्राचे प्रतिनिधित्व करील यावर कोणालाही शंका आली असती, पण दूरच्या नमुन्यांशी ताडून पाहिले तर ते जुळले. आठ-नऊ वर्षांच्या या बाटल्यांतून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध संस्थेच्या इतिहासातला सर्वांत देखणा असावा. पावसाळा संपताना उपसागराच्या उत्तर टोकाला क्षारता किलोमागे दहा ग्रॅमहून अधिक घसरते. मग हे कमी खारट पाणी सुमारे शंभर किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात किनाऱ्याला धरून दक्षिणेला निघते आणि अडीच महिन्यांत भारताच्या दक्षिण टोकाला पोचते. समुद्रातली नदीच ती. तिचा वेग उपग्रहाने मोजलेल्या किनारी प्रवाहाशी जुळला. उपसागरात दरवर्षी सुमारे सोळाशे घन किलोमीटर नदीचे पाणी येते, त्यात सिंहाचा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा. प्राणहितेने गोदावरीला दिलेले पाणी त्यापुढे थोडेच, पण ते वाटेत याच पट्ट्याला मिळते. २०१५ मध्ये क्षारता मोजणारा ‘स्मॅप’ उपग्रह आल्यावर हा पट्टा वरूनही दिसू लागला आणि आणखी एक गोष्ट कळली : हा पट्टा किती लांब जाईल आणि त्यातले किती पाणी उघड्या समुद्रात ओढले जाईल, यात भोवऱ्यांचा मोठा हात आहे.

आता हे सगळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने का वाचायचे ते सांगतो. शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी २००२ मध्ये दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडला. पावसाळ्यात अरबी समुद्रावर वारे जोरदार असतात, पाणी घुसळते, खालचे थंड पाणी वर येते आणि समुद्र निवतो. उपसागरावर वारे तुलनेने मंद असतात आणि वर पावसाचे व नद्यांचे गोडे पाणी तरंगत असते. खालचे थंड पाणी त्याला भेदून वर येत नाही, म्हणून पृष्ठभाग २८ अंशांच्या वर राहतो. ढग उभे राहण्यासाठी आणि कमी दाबाची क्षेत्रे तयार होण्यासाठी हीच उष्णता लागते. ती क्षेत्रे ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरतात, छत्तीसगड ओलांडतात आणि पूर्व विदर्भात झड लागते. जुलै-ऑगस्टमध्ये ही क्षेत्रे आली नाहीत तर धानाची रोवणी अडते, पऱ्हे वाळतात, शेतातल्या बोड्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव रिकामे राहतात. उपसागराचे पाणी कुठे किती गोडे, कुठे किती गरम, हे ठरवण्यात किनारी प्रवाहाचा आणि भोवऱ्यांचा भाग आहे. चक्रीवादळांचे तर सरळच आहे. उबदार पोटाच्या भोवऱ्यात गरम पाण्याचा थर जाड असतो, अशा भोवऱ्यावरून गेलेले वादळ अधिक बळकट होऊ शकते. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्रातील एम. एम. अली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उपसागराबाबत हे दाखवले. रोजच्या सागरी अंदाजांचे काम १९९९ मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या महासागर माहिती सेवा केंद्राकडे आहे. शेणॉय पुढे त्याच केंद्राचे संचालक झाले, हा योगायोग म्हणता येणार नाही.

२०१४ मध्ये संस्थेच्या ताफ्यात ‘सिंधु साधना’ हे जहाज आले. डिसेंबर २०१५ मध्ये हिंदी महासागराच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेची सुरुवात गोव्यातूनच झाली. पहिल्या मोहिमेपेक्षा परिस्थिती पार बदललेली होती. १६ डिसेंबर २०२२ रोजी सुटलेला अमेरिका-फ्रान्सचा ‘स्वॉट’ उपग्रह आता एका रेषेऐवजी १२० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका फेरीत मोजतो. पूर्वी दोन रेषांच्या मध्ये हरवणारे लहान भोवरेही त्यात दिसतात. मात्र तो त्याच जागी पुन्हा येतो २१ दिवसांनी, आणि लहान भोवरा तोवर विरून गेलेला असू शकतो. तेवढ्या काळात तिथे काय घडले हे उतारावरच्या यंत्रांकडून आणि जहाजाकडूनच कळते. त्यामुळे ‘सिंधु साधना’च्या फेऱ्यांचे वेळापत्रक अजूनही भरलेलेच असते.